नाताळचा खून नोव्हेंबरात: व्हिक्टोरियन काळातील उबदार रहस्यकथा कशी रचावी

इंग्रजी वाचकांनी ‘कोझी’ असे लाडके नाव दिलेल्या रहस्यकथेत खून होतो, परंतु रक्ताचे थारोळे दिसत नाही. तपास करणारी व्यक्ती बहुधा हौशी असते, संशयित मोजके आणि एकमेकांच्या ओळखीचे असतात आणि शेवटी ते घर पुन्हा चहा पिण्याजोगे होते. मराठीत तिला उबदार रहस्यकथा म्हणता येईल. व्हिक्टोरियन काळातील नाताळ हा तिचा हक्काचा मुक्काम आहे, आणि त्याला कारणही आहे. त्या काळी इंग्रजी नियतकालिके नाताळचे खास अंक काढत, आणि शेकोटीभोवती बसून मोठ्याने वाचण्यासाठी त्यांत भुताखेतांच्या व गुन्ह्यांच्या कथा आवर्जून असत. १९०९ साली काशीनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला, तो याच नाताळ अंकांच्या धर्तीवर; त्यामुळे सणाच्या फराळासोबत रहस्यकथा वाचणारा मराठी वाचक या परंपरेचा दूरचा नातेवाईक आहेच.

अशी कथा लिहू पाहणाऱ्याकडून सर्वाधिक घडणारी चूक म्हणजे नाताळ भिंतीवर टांगणे. बर्फ पडतो, झाडावर मेणबत्त्या लागतात, दारात मुले भक्तिगीते म्हणतात आणि वाचनालयात प्रेत सापडते; मात्र त्या बर्फाचा, मेणबत्त्यांचा आणि गीतांचा प्रेताशी काहीही संबंध नसतो. नाताळ काढून त्या जागी एखादा साधा गुरुवार ठेवला आणि तरीही कथा जशीच्या तशी चालली, तर त्या कथेत नाताळ नाही, नुसती आरास आहे. सणाच्या ठरलेल्या चालीरीतींनीच खुनाला वाट दिली पाहिजे, त्यांनीच तो झाकला पाहिजे आणि शेवटी त्यांनीच तो उघडा पाडला पाहिजे. हे कसे साधावे, ते एक कथानक प्रत्यक्ष रचतच पाहू.

आधी साल ठरवावे

व्हिक्टोरिया राणी १८३७ ते १९०१ अशी ६३ वर्षे गादीवर होती, आणि एवढ्या काळात नाताळसुद्धा पार बदलला. एक पेनीत पत्र पाठवण्याची सोय १८४० मध्ये झाली आणि १८४३ मध्ये हेन्री कोल यांनी पहिले छापील शुभेच्छापत्र काढून घेतले. विंडसरच्या किल्ल्यातील राजकुटुंबाच्या नाताळवृक्षाचे चित्र १८४८ साली एका लोकप्रिय सचित्र साप्ताहिकात छापून आले, आणि मध्यमवर्गीय घरांत झाडाचे वेड त्यानंतर पसरले. नाताळच्या दुसऱ्या दिवसाला, म्हणजे ‘बॉक्सिंग डे’ला, कायद्याने सुटी मिळाली ती १८७१ मध्ये. तेव्हा १८३८ मधील शेतकऱ्याच्या घरात सजवलेले झाड आणि टपालाने आलेली रंगीत कार्डे दाखवली, तर जाणता वाचक तिथेच पुस्तक मिटतो.

मी उदाहरणासाठी १८७४ हे साल घेतो. त्या वर्षीचा डिसेंबर इंग्लंडमध्ये खरोखरच कडाक्याच्या थंडीचा होता, आणि ही गोष्ट वाटते तितकी क्षुल्लक नाही, कारण इंग्लंडमध्ये नाताळला बर्फ असतोच असे मुळीच नाही. बहुतेक वर्षी चिखल आणि झिमझिम पाऊस असतो. दुसरे कारण असे की, २४ डिसेंबर १८७४ रोजी दुपारी ऑक्सफर्डच्या उत्तरेला शिप्टन-ऑन-चेरवेल या खेड्याजवळ ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या गाडीला भीषण अपघात झाला आणि त्यात ३४ माणसे दगावली. लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून निघालेल्या त्या गाडीला सणाच्या गर्दीमुळे ऑक्सफर्डला एक जुना चारचाकी डबा इंजिनामागे जोडण्यात आला होता, आणि त्याच डब्याच्या चाकाची लोखंडी धाव तुटली. आपले काल्पनिक घर त्याच परिसरात, बॅनबरीच्या बाजूला असावे. या अपघाताचा उपयोग पुढे करायचा आहे. पण खऱ्या माणसांच्या मरणाची गंमत करू नये एवढे पथ्य पाळावे. एक परिच्छेद, गावकऱ्यांनी नेलेली घोंगडी, जेवणाच्या टेबलावर पसरलेली शांतता, इतकेच पुरे.

साल ठरले की दिनदर्शिका काढून ठेवावी. १८७४ मध्ये नाताळ शुक्रवारी होता. त्यामुळे बॉक्सिंग डे शनिवारी येतो, नंतर रविवार, म्हणजे दुकाने, कचेऱ्या आणि वकील सलग तीन दिवस हाताशी नाहीत. तपास लांबवण्यासाठी लेखकाला मुद्दाम वादळ आणावे लागत नाही. सुट्याच ते काम करतात.

पुडिंग: सणाचे सर्वांत उपयोगी हत्यार

मिसलटोखाली चुंबन घेणे, ब्रँडीच्या निळ्या ज्वाळेतून मनुका वेचण्याचा ‘स्नॅपड्रॅगन’ नावाचा खेळ, डोळ्यांवर पट्टी बांधून खेळायची आंधळी कोशिंबीर, फटाक्यासारखे फुटणारे कागदी क्रॅकर, हे सगळे रहस्यकथेच्या कामाचे आहे. (मिसलटो म्हणजे शुद्ध मराठीत बांडगूळ, हे कळल्यावर त्या चुंबनातील काव्य थोडे उतरते.) स्नॅपड्रॅगनसाठी तर दिवे मालवावे लागतात आणि ज्वाळेच्या उजेडात सगळ्यांचे चेहरे प्रेतासारखे दिसतात, म्हणून नवखे लेखक त्याच्यावरच झडप घालतात. माझा सल्ला असा की, या खेळाला खोट्या वाटेसाठी राखून ठेवावे. अंधारात कोणीतरी काहीतरी केले असणार, असे वाचकाला आपसूकच वाटते. ते तसे वाटू द्यावे.

खरे हत्यार म्हणजे प्लम पुडिंग. मनुका, बेदाणे, पावाचा चुरा, अंडी, मसाले आणि गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी यांचा हा काळपट गोळा नाताळच्या दिवशी नव्हे, तर सुमारे पाच आठवडे आधी केला जातो. अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या अधिकृत, चर्चच्या वर्षात ॲडव्हेंट (नाताळपूर्वीचा तयारीचा काळ) सुरू होण्यापूर्वीच्या शेवटच्या रविवारी जी प्रार्थना म्हटली जाते, तिचे पहिले शब्द ‘ढवळून जागव’ अशा अर्थाचे आहेत, आणि लोकांनी त्यावरून त्या रविवारालाच ढवळण्याचा रविवार करून टाकले. त्या दिवशी घरातील प्रत्येक जण, पाहुणे आणि मुलेही, पाळीपाळीने मिश्रणात पळी फिरवून मनात इच्छा धरतात. पुडिंग कित्येक तास उकळतात, मग कापडात बांधून कोठीघरात टांगतात आणि नाताळच्या दिवशी पुन्हा उकळून टेबलावर आणतात. १८७४ मध्ये हा रविवार २२ नोव्हेंबरला येतो.

इथे कथेचे बीज सापडते. जे पदार्थ खून करतात ते साधारणपणे मरणाच्या दिवशी तयार होतात, म्हणून सारे जण ‘नाताळच्या रात्री कोण कुठे होते?’ असे विचारणार. विष जर २२ नोव्हेंबरलाच पळीबरोबर मिसळले गेले असेल, तर खुनी नाताळच्या दिवशी शेकडो मैल दूर, सर्वांच्या देखत आपले काम करीत असू शकतो.

परंतु पुडिंग तर सगळे खातात. मग एकच माणूस कसा मरतो? याचे उत्तरही काळातच शोधावे. त्या काळी मद्यपानविरोधी चळवळ जोरात होती, आणि अनेक सुखवस्तू कुटुंबप्रमुखांनी दारूच्या थेंबालाही न शिवण्याची शपथ घेतलेली असे. आपला घरमालक तसाच आहे. त्याच्यासाठी ब्रँडीविना मिश्रण वेगळ्या लहान वाडग्यात कालवले जाते आणि त्याची दोन छोटी पुडिंगे होतात, एक नाताळसाठी आणि दुसरे नववर्षाच्या दिवसासाठी. हे दुसरे पुडिंग विसरू नये. पहिल्या प्रकरणात ते दोन ओळींत, स्वयंपाकिणीच्या कुरकुरीतून यावे, ‘एका माणसाच्या व्रतापायी दोन जादा फडकी धुवायची’ अशा थाटात, म्हणजे वाचक हसून पुढे जाईल. रहस्यकथेतील पुरावा लपवण्याची माझ्या मते सर्वांत चांगली जागा म्हणजे विनोद.

विष आणि त्याची वही

व्हिक्टोरियन विष म्हटले की सोमल (आर्सेनिक), आणि ते बरोबरच आहे. उंदरांसाठी ते घरोघर विकत आणले जाई, आणि त्याची लक्षणे पोटाच्या साध्या बिघाडासारखी किंवा पटकीसारखी दिसत. मोठ्या जेवणावळीनंतरच्या रात्री एखाद्याला उलट्या झाल्या तर गावचा डॉक्टर आधी हंसाच्या चरबीलाच दोष देणार. पण लेखकाने कायदा माहीत करून घ्यावा. १८५१ च्या सोमल कायद्याप्रमाणे किरकोळ विकल्या जाणाऱ्या सोमलात काजळी किंवा नीळ मिसळावी लागे, जेणेकरून ते पीठ किंवा साखर समजून कोणी वापरू नये, आणि विक्रेत्याने वहीत खरेदीदाराचे नाव, पत्ता, कारण व तारीख नोंदवून त्याची सही घ्यावी लागे. १८६८ च्या कायद्याने विषविक्री नोंदणीकृत औषधविक्रेत्यांच्याच हाती आली.

या दोन अटी अडचण नाहीत, देणगी आहेत. काजळी मिसळलेले सोमल पांढऱ्या सॉसमध्ये किंवा दुधात लगेच दिसते, पण काळ्या पुडिंगमध्ये दिसत नाही. म्हणजे पदार्थाची निवड कायद्यानेच करून दिली. वाडग्याच्या पांढऱ्या कडेवर मात्र करडा ओघळ राहतो, आणि त्यासाठी भांडी घासणाऱ्या पोरीला स्वयंपाकीण कोळशाचे हात न धुतल्याबद्दल झापते. दुसरी देणगी म्हणजे वही. पोलीस औषधविक्रेत्याकडे जातात, वही तपासतात, डिसेंबरच्या नोंदींत घराशी संबंधित कोणाचेही नाव नाही असे पाहून परततात. पान मागे उलटून नोव्हेंबर पाहण्याचे कोणालाही सुचत नाही. वाचकालाही सुचू नये, पण पाहण्याची संधी त्याला मिळाली पाहिजे. म्हणून त्या प्रसंगात विक्रेत्याने ‘वही सप्टेंबरपासूनची आहे’ असे सहज म्हणावे.

विषाचे प्रमाण, चव, शिजवण्याचा तपशील यांत शिरू नये. उबदार कथेचा वाचक त्यासाठी आलेला नसतो, आणि तपशिलाने कथा थंड पडते.

हेतू: मेव्हणीचे लग्न

पैशासाठी खून हा हेतू ठीक आहे, पण त्याला मुदत हवी. आताच का मारले, याचे उत्तर नसेल तर खून आळशी वाटतो. १८३७ च्या मृत्युपत्र कायद्यात लेखकांसाठी दोन सुरेख कलमे आहेत. एक असे की, मृत्युपत्र केलेल्या माणसाने नंतर लग्न केले तर ते मृत्युपत्र आपोआप रद्द होते. दुसरे असे की, मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला त्यातून काहीही मिळू शकत नाही. दुसऱ्या कलमाने आपण बटलरला निर्दोष सोडू शकतो. त्याला दोनशे पौंड ठेवलेले आहेत म्हणून सारे त्याच्याकडे बोट दाखवतात, आणि साक्षीदाराची सही त्याचीच असल्यामुळे त्याला छदामही मिळणार नव्हता, हे वकील सोमवारी उघड करतो.

पहिले कलम खुन्याला घाई लावते. आपला घरमालक विधुर आहे, सारी मालमत्ता पुतण्याच्या नावे आहे, आणि जानेवारीत तो पुन्हा लग्न करणार असल्याची कुणकुण पुतण्याला लागली आहे. वधू कोण? दिवंगत पत्नीची धाकटी बहीण. इथे मराठी लेखकाने थांबून विचार केला पाहिजे, कारण आपल्या वाचकाला यात काहीच वावगे दिसणार नाही. पहिली गेल्यावर तिच्या धाकट्या बहिणीशी लग्न लावून देण्याची चाल आपल्याकडे घराघरांत ऐकलेली आहे, मुलांना सख्खी मावशीच आई म्हणून मिळाली असे तिचे कौतुकही होते. इंग्लंडमध्ये मात्र असा विवाह १८३५ च्या कायद्यानुसार मुळातच रद्दबातल होता आणि ती बंदी उठली १९०७ मध्ये. काही जोडपी परदेशात जाऊन लग्न लावत, पण १८६१ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च न्यायपीठाने, तसा विवाहही इंग्लंडच्या रहिवाशांपुरता अवैध ठरवला होता.

याचा अर्थ काय होतो, ते पाहावे. लग्नामुळे मृत्युपत्र रद्द होईल या भीतीने पुतण्याने काकाला मारले. पण ते लग्न कायद्याच्या दृष्टीने लग्नच नसल्यामुळे मृत्युपत्राला धक्काही लागणार नव्हता. खून अनाठायी होता. ही विदारक गोष्ट उकल झाल्यानंतर, वकिलाच्या तोंडून कोरड्या एका वाक्यात यावी. त्यासाठी मेव्हणीशी लग्न करण्यास बंदी असल्याचे वाचकाला पहिल्या चार प्रकरणांतच, गावच्या धर्मगुरूच्या चहापानातील वादावादीतून समजलेले असले पाहिजे. पार्लमेंटात ती बंदी उठवण्याची विधेयके वारंवार येत असल्यामुळे असा वाद कोणत्याही चहाच्या टेबलावर शोभतो.

पुतण्या नाताळला कुठे होता? एडिंबरोत, एका छापखान्यात, कामावर. हेही सणातूनच आलेले आहे. स्कॉटलंडमध्ये प्रेस्बिटेरियन चर्चच्या प्रभावामुळे नाताळ साजरा करण्याची प्रथा फारशी नव्हती. तिथे नाताळ सार्वजनिक सुटीचा दिवस झाला तो थेट १९५८ मध्ये. ज्या दिवशी इंग्लंडमधील प्रत्येक संशयिताला ‘मी जेवून पेंगत होतो’ एवढेच सांगता येते, त्या दिवशी पुतण्यापाशी वीस सहकाऱ्यांची साक्ष आहे. एक मात्र कटाक्षाने पाळावे: खुनी माणूस अखेरीस अचानक उगवू नये. पहिल्या प्रकरणात त्याने सर्वांसमवेत पळी फिरवलेली असावी, थट्टामस्करी केलेली असावी आणि वाचकाला तो आवडलेला असावा.

खोटी वाट

नाताळच्या आदल्या संध्याकाळी एक तरुण चुलतभाऊ उशिरा पोहोचतो आणि आपण त्या दुर्दैवी गाडीत होतो, पॅडिंग्टनपासून इंजिनाला लागूनच्याच डब्यात बसलो होतो आणि दैवाने वाचलो, असे सांगतो. सगळे हळहळतात. पुढे वर्तमानपत्रात येते की, इंजिनामागचा डबा ऑक्सफर्डलाच जोडलेला होता; म्हणजे पॅडिंग्टनपासून त्यात कोणी बसलेले असणे शक्य नाही. हा खोटारडा दिवसभर कुठे होता? वाचकाचा सारा संशय त्याच्यावर एकवटतो. प्रत्यक्षात तो आदल्या दिवसापासून ऑक्सफर्डमध्ये घड्याळ गहाण टाकण्यासाठी हिंडत होता. खोट्या वाटेच्या टोकाला असे लहान, केविलवाणे आणि माणसाला शोभणारे गुपित असावे. खोटी वाट भिंतीवर जाऊन आदळली की वाचक चिडतो. ती एखाद्याच्या अब्रूच्या प्रश्नापाशी संपली की तो क्षमा करतो.

भारतातून परतलेला कर्नल आणि त्याने आणलेला शापित हिरा, ही खोटी वाट मात्र आता पुरे झाली. घरात भारताचा धागा हवाच असेल, तर मुंबईहून मुलांसोबत आलेली आया आणावी. सुएझचा कालवा १८६९ मध्ये खुला झाल्यावर हा प्रवास सोपा झाला, आणि अशा आया इंग्रज कुटुंबांबरोबर विलायतेला जात. तिला गूढ करू नये. थंडीने बेजार झालेली, स्वयंपाकघरातील प्रत्येकाचे बारकाईने निरीक्षण करणारी आणि काहीही घडले की आपल्यावरच पहिला आळ येणार हे ओळखून असलेली बाई, एवढी ती खरी असली तरी पुरे.

घर, दिवे आणि घंटा

घराचा आराखडा कागदावर काढल्याखेरीज लिहिण्यास बसू नये. खेड्यातील मोठ्या घरात १८७४ मध्ये तेलाचे दिवे आणि मेणबत्त्या असणार. गॅसचे दिवे प्रामुख्याने शहरांत होते. डिसेंबरअखेरीस त्या भागात दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि सकाळी आठनंतर उगवतो, म्हणजे बहुतेक हालचाल अंधारात घडते. झोपायला जाताना प्रत्येक जण दिवाणखान्यातून आपली मेणबत्ती घेऊन वर जातो. कोणाची मेणबत्ती किती जळली, यावरून कोण किती वेळ जागा होता ते समजते. खोल्यांतील घंटांच्या तारा नोकरांच्या मजल्यावर येतात. पहाटे शेगड्या पेटवायला मोलकरीण प्रत्येक खोलीत जाते आणि झोपलेल्यांना ती दिसतही नाही. या घराचे खरे घड्याळ नोकर आहेत. त्यांच्या कामाचा तक्ता करून ठेवला की कथेतील निम्म्या साक्षी आपोआप मिळतात.

तपास कोणाचा

१८७४ मध्ये गुन्हे अन्वेषण विभाग अस्तित्वात नाही. तो १८७८ मध्ये निघाला. लंडनच्या पोलिसांत १८४२ पासून गुप्तहेरांची लहान शाखा आहे, आणि १८५६ च्या कायद्यानंतर प्रत्येक परगण्याला आपले पोलीस दल ठेवावेच लागते. लंडनहून गुप्तहेर बोलावला तर काय होते, याचा धडा १८६० मध्ये मिळाला होता. रोड हिल हाउस येथील लहान मुलाच्या खुनात इन्स्पेक्टर जोनाथन विचर यांनी घरातीलच सोळा वर्षांच्या मुलीवर, कॉन्स्टन्स केंटवर, संशय घेतला, तेव्हा सामान्य कुळातील पोलिसाने सभ्य घरातील मुलीकडे बोट दाखवावे हेच लोकांना सहन झाले नाही. पाच वर्षांनी तिने स्वतः कबुली दिली. उबदार कथेतील हौशी शोधकाचे मूळ या अवघडलेपणात आहे. पोलिसाला मागच्या दाराने यावे लागते. जो समोरच्या दाराने येऊन चहा घेऊ शकतो, त्यालाच घर बोलते.

आपल्या कथेत हे काम धर्मगुरूच्या अविवाहित बहिणीकडे द्यावे. ती पुढच्या दाराने येते, आजाऱ्यांना सूप देण्याच्या निमित्ताने मागच्या दारानेही जाते, आणि चर्चचे वर्ष तिला पाठ आहे. नाताळनंतरच्या रविवारी प्रार्थनापुस्तक चाळताना तिचा हात ढवळण्याच्या रविवारावर थांबला, तर तो योगायोग वाटत नाही. ते तिचे रोजचे पुस्तक आहे.

मृत्यू २६ तारखेच्या रात्री झाला, तर कॉरोनरची (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याची) चौकशी मंगळवारी २९ तारखेला, गावच्या खानावळवजा दारूच्या गुत्त्यात भरवता येईल. अशा चौकश्या तिथेच भरत, कारण गावात तेवढी मोठी दुसरी खोली नसे, आणि पंचांना प्रेत प्रत्यक्ष पाहावे लागे. दारूला न शिवणाऱ्या माणसाच्या मृत्यूची चौकशी गुत्त्यात होते, हा विनोद लेखकाने करू नये. गावकऱ्यांपैकी एकाला पुटपुटू द्यावा.

शास्त्राची मर्यादाही सांभाळावी. सोमल ओळखण्याची मार्शची चाचणी १८३६ पासून आहे, त्यामुळे विष सापडणार. बोटांच्या ठशांवरून मात्र कोणीही पकडला जाणार नाही: हेन्री फॉल्ड्स यांचे त्यावरील पत्र १८८० चे आहे, पहिले ठसे कार्यालय १८९७ मध्ये कोलकात्यात निघाले आणि लंडनमध्ये १९०१ मध्ये. रक्त माणसाचे की जनावराचे, हेही १९०१ पूर्वी खात्रीने सांगता येत नव्हते. तार मात्र आहे, आणि तिचा धाक जुना आहे. १ जानेवारी १८४५ रोजी स्लाउजवळ एका बाईला विष देऊन रेल्वेने पळालेला जॉन टॉवेल तारेमुळेच लंडनला पकडला गेला; त्याचा वेश क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांसारखा होता आणि त्या तारयंत्रात ‘क्यू’ हे अक्षरच नसल्यामुळे तो शब्द वेगळ्या अक्षरांनी पाठवावा लागला होता. रहस्यकथेला लागणारा तपशील असा असतो.

मराठीत लिहिताना

इंग्रजी लेखक ‘नेफ्यू’, ‘कझिन’, ‘सिस्टर-इन-लॉ’ असे मोघम शब्द वापरून नाते झाकू शकतो; मराठीत ती सोय नाही. पुतण्या की भाचा, मेव्हणी की भावजय, हे पहिल्याच उल्लेखात सांगावे लागते. म्हणून नाते लपवण्यावर उभे असलेले रहस्य मराठीत निवडूच नये. उलट आपल्या भाषेला नात्यांची जी चोख जाण आहे, तिचा फायदा घ्यावा: ‘पुतण्या’ म्हटल्याबरोबर वारसाहक्काचा विचार वाचकाच्या मनात येतो, आणि येऊनही तो एडिंबरोच्या साक्षीपुढे गप्प बसतो.

संबोधनांत जास्त घसरायला होते. नोकराने ‘हुजूर’ म्हटले की दरबार उभा राहतो, ‘रावसाहेब’ म्हटले की कलेक्टरकचेरी. साधे ‘साहेब’ आणि ‘बाईसाहेब’ पुरतात. नोकरांनी मालकांशी ‘आपण’ वापरावे, मालकांनी बटलरला केवळ आडनावाने हाक मारावी पण ‘तुम्ही’ म्हणावे, आणि भांडी घासणाऱ्या पोरीला सगळ्यांनीच ‘तू’ म्हणावे. मुख्य स्वयंपाकीण अविवाहित असली तरी तिला ‘मिसेस’ लावण्याची पद्धत होती. ती तशीच ठेवावी. पतीला ‘अहो’ म्हणणारी इंग्रज पत्नी मात्र कितीही मोह झाला तरी आणू नये. ती त्याला ‘मिस्टर’ लावून आडनावाने हाक मारते, आणि त्या हाकेतील अंतर मराठी वाचकाला बरोबर कळते. गुत्ता, कोठीघर, काजळी, सोमल असे आपले शब्द जिथे बसतात तिथे बसवावेत. पुडिंग आणि बटलर यांना तसेच राहू द्यावे.

उकल

उबदार कथेतील थरार पिस्तुलातून येत नाही. आपल्यापाशी दुसरे पुडिंग आहे, आणि ते नववर्षाच्या दिवसापर्यंत कोठीघरात टांगलेले आहे. धर्मगुरूच्या बहिणीला बुधवारी रात्री उमगते की, ते पुडिंग जर विषारी निघाले तर विष नोव्हेंबरातच, मिश्रणात पडले होते, आणि मग नाताळच्या रात्रीच्या साऱ्या जबान्या फुकट आहेत. त्याच वेळी, काटकसरी स्वयंपाकिणीने मालक गेले तर आता हे कोण खाणार म्हणून ते भांडी घासणाऱ्या पोरीला देऊन टाकलेले असावे, तिने घरी धाकट्या भावंडांसाठी नेण्याकरिता ते शालीत गुंडाळलेले असावे, आणि बाहेर गुडघाभर बर्फ असावा. वाचकाला धाप लागण्यासाठी एवढे पुष्कळ आहे. पोरगी सुखरूप सापडली पाहिजे. या प्रकारच्या कथेत मुलाच्या जिवाशी खेळू नये.

सर्वांना एकत्र बसवून उकल सांगण्याचा प्रसंग टाळण्याची हल्ली फॅशन आहे, पण मला ती पटत नाही. वाचक त्याच जेवणासाठी बसलेला असतो. तो प्रसंग बुधवारी ६ जानेवारीला, एपिफनीच्या, म्हणजे नाताळचे बारा दिवस संपल्यावर येणाऱ्या ख्रिस्ती सणाच्या दिवशी ठेवावा. सजावट उतरवण्याचा तो दिवस असतो, शिवाय पुडिंगच्या तपासणीचा अहवाल येण्यासही तेवढे दिवस लागतात. अंत्यविधीसाठी आलेला पुतण्या शिडीवर चढून सजावटीच्या ‘होली’ नावाच्या झुडपाची वाळलेली काटेरी पाने उतरवण्यास मदत करीत असावा, आणि धर्मगुरूच्या बहिणीने त्याला इतकेच विचारावे की, ढवळण्याच्या रविवारी काकांच्या वाडग्यात पळी फिरवताना त्याने कोणती इच्छा धरली होती. औषधविक्रेत्याची वही नोव्हेंबरच्या पानावर उघडून टेबलावर ठेवलेली असावी. वकिलाने मेव्हणीच्या लग्नाबद्दलचे ते कोरडे वाक्य यानंतर उच्चारावे, आणि भांडी घासणाऱ्या पोरीने मागून येऊन, वाडग्यावरचा तो डाग माझ्या हातांचा नव्हताच, असे स्वयंपाकिणीला सुनवावे.